रांगेत राहिलेलं उत्तर

मित्रांनो, रुग्णालयाच्या जिन्याखाली, लोखंडी कपाटात धूळ खात पडलेला मी एक जुना राऊटर. कारखान्यातून खोक्यात बसून इथे आलो आणि आयुष्यभर एकच काम केलं: आतली माहिती बाहेर आणि बाहेरची आत पोचवायची. फोटो असो की आवाज, सगळं माझ्याकडे छोट्या छोट्या पाकिटांतून येई आणि रांगेत उभं राही.

रांग वाढू लागली की मी पाकिटांवर बारीकशी खूण करी. पलीकडे ती वाचली जाई आणि पाठवणाऱ्याला निरोप जाई, ‘जरा दमानं घे बाबा, पुढे गर्दी आहे.’ तो हात आखडता घेई. ज्याला खूण कळत नसे, त्याचं एखादं पाकीट मी टाकून देई. ते पोचलं नाही हे कळलं की तोही वेग कमी करी आणि ते पुन्हा पाठवी. मला बसवणारी वायरवाली ताई म्हणायची, “हा आहे म्हणून सगळे सुखानं नांदतात.” कौतुक कुणाला नको असतं?

पण स्पष्ट बोलणारा डोळ्यांत खुपतोच. मोठ्या साहेबांना कुठूनसं कळलं, की मी पाकिटं टाकतो. झालं! “रुग्णालयाची माहिती आणि हा फेकून देतो? त्या खुणाबिणा बंद करा. रांग हवी तेवढी लांब होऊ दे, पण एकही पाकीट टाकायचं नाही.”

“अहो साहेब, मग गर्दी झालीय हे कुणाला कळणारच नाही. सगळे घुसतच राहतील,” ताईनं परोपरीनं सांगितलं. साहेब ऐकेनात. ताईला माझ्या खुणा बंद कराव्याच लागल्या.

दुसऱ्याच दिवशी एक्स-रे विभागानं जुने फोटो साठवणीसाठी बाहेरच्या संगणकावर पाठवायला घेतले. कुणी थांब म्हणेना, म्हणून त्यांचा संगणक जोर वाढवतच गेला. बाहेर जाणारी रांग माझ्या गळ्याशी आली.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर एक आजोबा शेवटच्या घटका मोजत होते. परदेशातल्या लेकीचा इंटरनेटवरून, म्हणजे माझ्यातूनच, फोन आला. सिस्टरनी तो त्यांच्या तोंडाशी धरला. आत येणारी वाट मोकळी होती, तिचा आवाज लगेच पोचला. “बाबा, मी भांडून निघून आले. माफ केलंत ना मला?”

आजोबांनी सगळा जीव गोळा केला. “केव्हाच गं, बाळा.”

ते शब्द माझ्याकडे आले आणि फोटोंच्या मागे उभे राहिले. तिकडे ती विचारत होती, “बाबा? बोला ना हो!” सिस्टर मोठमोठ्यानं सांगू लागल्या, पण त्यांचाही आवाज त्याच रांगेत. तिला वाटलं, बाबांना बोलायचंच नाही. हुंदका आला आणि फोन बंद झाला. शब्द पोचले तेव्हा ते घ्यायला कुणी नव्हतं. दुपारी आजोबा गेले.

त्या फोनचं कळल्यावर संध्याकाळी साहेब स्वतः ताईसोबत आले. खाली मान घालून म्हणाले, “पूर्वीसारखं करा.” त्यानंतर मी पुष्कळ वर्षं इमानानं राबलो, पण तो दिवस काही विसरलो नाही.

लेक आली ती काही दिवसांनी, अंत्यविधी उरकल्यावर. सिस्टरनी तिला इथेच, जिन्यापाशी गाठलं. “अगं, उत्तर दिलं होतं त्यांनी. ‘केव्हाच गं, बाळा’ म्हणाले.”

ती पायरीवर बसली. “खरंच म्हणाले? की मला बरं वाटावं म्हणून सांगताय?”

सिस्टर शपथा घेत राहिल्या. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली. मित्रांनो, ते शब्द माझ्यातूनच गेले होते, पण मला कुठे बोलता येतं? माझं एवढंच मागणं आहे, ‘थांबा, गर्दी झालीय’ असं कुणी सांगू लागलं तर त्याचा राग धरू नका. त्याला गप्प केलंत, तर मागे कुणाचं काय अडकलंय ते तुम्हाला कळणारही नाही.