बाबांचा डाव

माझी तान्ही ठकू दुपारी झोपते तेवढाच वेळ माझा असतो. त्या वेळात हे लिहिते आहे.

बाबांना जाऊन सात महिने झाले. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते इंग्रजी शब्दजुळणीच्या खेळासाठी दोन-दोन अक्षरी शब्द पाठ करत. घरी आईशी खेळताना एकच नियम होता. अर्थ सांगता आला नाही, तर अक्षरं उचलायची. आई चिडायची. "दोन अक्षरांचा कसला शब्द? ती तर शिंक झाली!"

परवा दादाचा फोन आला. "आई दुपारी पट मांडून बाबांशी बोलते म्हणे. शेजारच्या काकूंनी सांगितलं. तू जाऊन बघ. तसं असेल तर उद्या येऊन तिला कायमची इकडे घेऊन येतो."

त्याच दुपारी ठकूला कडेवर घेऊन मी आईकडे गेले. आतल्या खोलीत तिला झोपवून बाहेर आले. पट मांडलेला होता, अक्षरांच्या दोन पट्ट्या लावलेल्या. मी समोरची खुर्ची ओढली.

"तिथे नको गं," आई म्हणाली. "त्यांची पाळी आहे."

मग तिनेच समोरच्या पट्टीतून दोन 'ए' उचलून पटावर ठेवले आणि पिशवीतून दोन नवी अक्षरं काढून, बघून त्या जागी लावली.

"अर्थ?" मी विचारलं.

"थिजलेला खडबडीत लाव्हा. अनवाणी जाऊ नये." अगदी बाबांच्याच ठसक्यात! मग माझा चेहरा बघून हसली. "घाबरतेस काय? त्यांची यादी पाठ करतेय. त्यांच्या वतीने खेळायचं तर त्यांचेच शब्द नकोत का? 'डी'पर्यंत आलेय." बोलता बोलता तिने आपला शब्दही पटावर लावला.

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे वेड नव्हतं, अभ्यास होता.

तेवढ्यात ठकू रडली. आम्ही दोघीही आत गेलो. मी थोपटलं, आईने दुपटं बदललं. दोघी बरोबरच बाहेर आलो.

पटावर आईच्या शब्दातल्या 'ओ'च्या अलीकडे 'जे' येऊन बसला होता. दाराला आतून कडी होती.

आईने चष्मा वर सरकवला. "खेळले वाटतं. याचा अर्थ काय गं? 'जे' अजून यायचाय माझा."

हा शब्द बाबांनी मला लहानपणीच शिकवला होता. "'जो' म्हणजे जिवलग," मी म्हटलं. "स्कॉटलंडकडचा जुना शब्द आहे. प्रेमाच्या माणसाला म्हणतात."

आईने त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. "चाळीस वर्षांत तोंडाने एकदा बोलले असते, तर जीभ झिजली असती का?" म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

फोन वाजला. दादाच होता. "काय गं, निघू ना उद्या?"

"नको निघूस. आईला इथेच राहू दे."

"अगं, पण ती ठीक आहे ना?"

"ती अगदी ठीक आहे, दादा," मी म्हटलं. "घाबरलेय ती मी."

समोरच्या पट्टीत एक जागा रिकामी होती. आईने पिशवीत हात घातला, एक अक्षर काढलं आणि न बघताच तिथे पालथं ठेवलं.