कोणाच्या नावाची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, प्रातःकाळी भडगावच्या घरी प्रमिलाबाईंनी पतीच्या नावाची पहिली घागर भरली. सुपडूभाऊ माघात वारले होते. जलपूर्ण मातीच्या घागरीवर खरबूज, शेजारी सांजोरी आणि आंबे. पूजन झाल्यावर कन्या सोनल हिने छायाचित्र टिपले.

सोनल जळगावच्या एका संस्थेत यंत्राला चित्रांविषयी संभाषण करावयास शिकवीत असे. एकाने चित्र दाखवून प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने यंत्राच्या जागी बसून उत्तर लिहायचे. अशा संवादांतून ते यंत्र बोलणे शिके. खानदेशातील घरांची चित्रे तिथे फारशी नव्हती, म्हणून हे चित्र तिथे पाठवायला तिने आईची अनुमती मागितली.

"आधी तुनं यंत्र काय म्हनस ते तर ऐकू दे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सोनलने चित्र यंत्राला दाखविले. ते उत्तरले, "मातीच्या घागरीवर रसाळ खरबूज ठेवले आहे. उन्हाळ्याचा आनंददायी सण! हार्दिक शुभेच्छा."

प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला. "शुभेच्छा? ज्यासनी घागर शे, त्यासना घरमा?"

"माय, चित्रात बाबा कुठे दिसताहेत? न दिसलेलं सांगू नये, असा आमचा नियम आहे."

"सांगू नको. इचार ना! आज दारवर येनारा बठ्ठा इचारतस, कोना नावनी घागर शे? तुना यंत्रले तेवढंबी येत नही. पुशी टाक तो फोटो."

सोनलने चित्र पुसले नाही, उत्तर पुसले. यंत्राच्या जागी ती स्वतः बसली. "पुन्हा विचार, माय."

"हाई काय शे?"

सोनल लिहीत गेली आणि मोठ्याने वाचत गेली, "पाण्याने भरलेली घागर आणि वर खरबूज दिसते आहे. आज आखाजी असेल, तर ही कोणाच्या नावाची?"

पतीचे नाव प्रमिलाबाईंनी आजवर उच्चारले नव्हते. घागरीकडे पाहत त्या म्हणाल्या, "सोनलना बापनी."

सोनलला सांत्वनाची कितीतरी वाक्ये सुचली; तिने एकही लिहिले नाही. लिहिले ते इतकेच, "त्यांना काय आवडायचं?"

"आंबा. खरबूज त्यासले कधी आवडनंच नही." प्रमिलाबाई किंचित हसल्या. "रीत शे म्हनीसन ठेवं."

सोनलने तेही उतरविले. "पाठवू?"

"थांब." प्रमिलाबाईंनी उठून एक आंबा घागरीपुढे, नीट दिसेल असा ठेवला. "आते काढ फोटो. मंग धाड."