केसभर अलीकडे

चढाच्या निम्म्यावर बायकोने उजव्या हाताचं बोट वर केलं आणि मिस्त्रीने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"आली?"

"आली. त्या वाकड्या खांबापासून. डब्यात खडे हलवल्यासारखी."

मिस्त्रीने ट्रक कडेला घेतला, मागच्या ट्रेलरच्या चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं आणि ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला. माथ्यावरून वळून ते खाली आले आणि पुन्हा तोच चढ, तोच तिसरा गियर. या वेळी खांब मागे पडला, वळण गेलं, माथा आला, तरी बायकोचं बोट मांडीवरच होतं. मिस्त्रीने नटाशेजारी खिळ्याने बारीक रेघ ओढली. झालं.

पायथ्याला ट्रकचा मालक उभा होता. खडक फोडायचा कॉम्प्रेसर तो या ट्रकमागे जोडून गावोगाव न्यायचा, म्हणून सगळे त्याला कॉम्प्रेसरवालाच म्हणत.

"काय वहिनी, काय म्हणतंय इंजिन?"

"तक्रार करत होतं. आता गप्प बसलंय."

"हे बरंय मिस्त्री. कान बायकोचे, हात तुमचे. मग कारागीर कोण म्हणायचा?"

बायको हसली. मिस्त्रीही हसला, पण पान्हे पुसायला खाली वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

गेले आठ महिने हे असं चाललं होतं. कानाच्या डॉक्टरांनी कागदावरचा उतरता आलेख दाखवून सांगितलं होतं, "जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेले. माणसं ऐकू येतील, पाखरं येणार नाहीत."

"आणि नॉकिंग?" मिस्त्रीने विचारलं होतं.

डॉक्टरांना नॉकिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पाखरांचं मिस्त्रीला काही वाटलं नव्हतं.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी जितकी लवकर पडेल तितकी गाडीची ओढ वाढते आणि ॲव्हरेजही वाढतं. पण एका हद्दीपर्यंतच. ती ओलांडली की भार ओढताना आतून बारीक टकटक सुरू होते, तेच नॉकिंग. ती तशीच चालू दिली तर पिस्टन भाजतो. ओढ आणि ॲव्हरेज दोन्ही मागणाऱ्याला बाकीचे मेकॅनिक सांगत, एक काय ते बोला, दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. मिस्त्री म्हणायचा, दोन्ही एकाच जागी असतं, टकटक सुरू होण्याच्या केसभर अलीकडे. एकतीस वर्षं त्या केसावर त्याचं घर उभं होतं. आता इंजिनाची घरघर त्याला पूर्वीसारखीच ऐकू यायची. टकटक मात्र त्याच्यापुरती जगातून नाहीशी झाली होती. ऐकायचं मशीन कानाला लावून पाहिलं, तर बॉनेट उघडताच नुसता कल्लोळ.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. "सव्वीस वर्षं लोकांच्या भानगडी ऐकल्या," ती म्हणाली होती, "आता तुमच्या इंजिनांच्या ऐकते." बोट वर करायची कल्पनाही तिचीच. गिऱ्हाइकासमोर ओरडून सांगावं लागू नये म्हणून.

चार दिवसांनी कॉम्प्रेसरवाला परत आला.

"मिस्त्री, ओढते बरी. पण ॲव्हरेज साडेपाचचं सहा. डोंगरावर सहा महिन्यांचं काम धरलंय, रोज वर न्यायचं, रोज खाली आणायचं. सहावर नाही परवडत. आणि ओढ कमी करूनही चालणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय."

"हद्दीवरच लावलीय गाडी."

"तुम्ही लावलीय की वहिनींनी?" तो मोकळेपणाने हसला. "रागावू नका. शहरात एक जण आहे, मशीनवर लावून देतो म्हणे. माझ्या अजून तीन गाड्या आहेत. पण म्हटलं, आधी मिस्त्रीला विचारावं."

मिस्त्रीने घराकडे पाहिलं. घर वर्कशॉपच्या मागेच होतं आणि बायको आत कपड्यांच्या घड्या करत होती. हाक मारली असती तर पायात चपला सरकवून आली असती.

"ट्रेलर जोडा," तो म्हणाला. "मी एकटा जाऊन येतो."

बायकोचं बोट जरा लवकरच वर जातं, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं. घाबरट आहे, इंजिनातलं तिला काय कळणार. खांबापाशी त्याने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, श्वास रोखला. आवाज स्वच्छ होता. त्याने गाडी थांबवून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल कमी सोडणारा बारीक जेट बसवला, डिस्ट्रिब्युटर रेघेच्या पुढे नेला. ट्रक ट्रेलरसकट असा उचलला, की सीटच्या पाठीचा रेटा त्याला खांद्यांत जाणवला. अजून थोडं पुढे. अजूनही स्वच्छ. माथ्यावर त्याने नवी रेघ ओढली. जुन्या रेघेपासून ती गव्हाच्या दाण्याएवढी लांब होती.

"ऐकू आली?" बायकोने संध्याकाळी विचारलं.

"आली की. मग केसभर मागे घेतली."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ताट वाढलं.

ट्रक रोज सकाळी साडेसातला त्यांच्या दारावरून चढ चढायचा. पहिल्या सकाळी मिस्त्री चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. ट्रक गेला. त्याने मान वळवून बायकोच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात चादरीच्या घडीत होते.

"काय ओढते बघ."

"ओढते खरी," ती म्हणाली.

आठव्या दिवशी कॉम्प्रेसरवाल्याचा फोन आला. सहाचं सव्वासात झालं होतं. "मिस्त्री, हात आहे का जादू! बाकीच्या तिन्ही आणतो." त्या दिवशी जेवताना मिस्त्रीने एक्स्चेंजच्या साहेबाची नक्कल केली. ती त्याने कित्येक वर्षांत केली नव्हती. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठून तोंड धुवायला गेली.

एकोणिसाव्या दिवशी ट्रक दुसऱ्या गाडीच्या मागे दोराने बांधून डोंगरावरून खाली आला.

इंजिनाचं हेड उतरवायला दुपार झाली. तिसऱ्या पिस्टनला नाण्याएवढं भोक पडलं होतं. कडा मेणासारख्या वितळून पुन्हा थिजल्या होत्या. सिलिंडरही चिरला होता. मिस्त्रीने पिस्टन बाहेर काढला, पुसला आणि फडक्यावर ठेवला. कॉम्प्रेसरवाला उकिडवा बसून बघत राहिला.

"पेट्रोलच भेसळीचं," तो शेवटी म्हणाला. "त्या पंपवाल्याला सोडत नाही मी. तुमचं ट्यूनिंग तर सोन्यासारखं होतं."

मिस्त्रीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"पेट्रोल चांगलं होतं," तो म्हणाला. "गाडी नॉक करत होती. मला ऐकू येत नाही."

"थोडं कमी येतं, ते माहितेय की."

"ते अजिबात येत नाही. नऊ महिने होत आले."

डोंगरावरचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं, ते कॉम्प्रेसरवाल्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मग त्या दिवशी वहिनींना का नाही नेलंत?" त्याने विचारलं. विचारता विचारताच त्याला आपलं बोलणं आठवलं असावं, कारण उत्तराची वाट न बघता तो उठला आणि दोर सोडवायला गेला.

मिस्त्री हात धुऊन आत आला. दोघं जेवायला बसली. ताटाकडे बघतच त्याने विचारलं, "तुला ऐकू येत होती?"

"पहिल्या सकाळपासून."

"मग बोट?"

"खाली ठेवलं."

"अगं, पण का?"

तिने तांब्यातलं पाणी त्याच्या भांड्यात ओतलं. "तुम्ही उंबऱ्यात उभे होतात. पूर्वीसारखे. म्हटलं, उद्या सांगू. मग तो फोन आला. मग साहेबाची नक्कल केलीत."

"माणसाची गाडी गेली."

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही."

"थोडी माझ्यामुळेही. तेवढी चूक तरी मला घेऊ द्या."

भात निवला होता. तो त्यांनी तसाच संपवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने शिडी लावून वर्कशॉपची पाटी उतरवली. तिच्यावर चार ओळी होत्या: पेट्रोल गाड्यांचे ट्यूनिंग, ऑइल बदल, ग्रीस, टायरमध्ये हवा. डब्याच्या तळाला पांढरा रंग उरला होता, तो पहिली ओळ झाकायला पुरला. पाटी पुन्हा चढवली, तेव्हा वरचा भाग रिकामा दिसत होता आणि खालच्या तीन ओळी बुडाशी साचल्यासारख्या वाटत होत्या. दुपारपर्यंत दोन मोटारसायकली हवा भरून गेल्या.

चारच्या सुमाराला दोघं उंबऱ्यात चहा घेत बसली होती. माल भरलेला एक ट्रक चढाला लागला. मिस्त्रीला घरघर ऐकू आली, भरदार, एकसारखी. खांबापाशी बायकोचं उजवं बोट कपावरून उठलं. त्याला ते दिसलं, हे कळून तिने ते हळूच मुठीत मिटून घेतलं.

"कोणाचा होता?"

"ओळखीचा नाही. निळा."

"हद्दीच्या किती पुढे असेल?"

तिने ट्रक वळणाआड जाईपर्यंत ऐकलं.

"बराच," ती म्हणाली.

मिस्त्री उठला, हवेच्या पंपापाशी गेला आणि उन्हात पसरलेली नळी गुंडाळून खुंटीला लावू लागला.