अठरानंतर बत्तीस

"आई, अंगठा लावू नको!"

उत्तम दारातूनच ओरडला. रखमाबाईंचा शाई लावलेला अंगठा कागदाजवळ आला होता, तो तिथेच थांबला.

शालनने धाकट्या दिराकडे पाहिलं. खोपटच्या एसटी डेपोत पासच्या खिडकीवर दिवसभर बसून तिची पाठ अवघडली होती. बी.कॉम.नंतर पंचवीस वर्षांनी तिने इतिहासाच्या पदविकेला नाव घातलं होतं. प्रकल्प कोलशेतच्या मिठागरांवर. त्यातली तेरा पानं सासूची होती. चार रविवार बसून त्यांनी सांगितलेली, हिने जशीच्या तशी उतरवलेली. ज्याची हकिकत, त्याची सही किंवा अंगठा, असा वर्गाचा नियम होता. उद्या प्रकल्प द्यायचा होता.

"भाऊजी, झालं काय?"

"वहिनी, मिठाच्या आगराची केस चाललीय ना आपली? कोर्टात आपण काय सांगितलंय? आगर आपल्या आज्याचं. आणि आई तुमच्या पुस्तकात काय बोलते?"

"मिठाच्या पाट्या वाहिल्या, तेच बोलते," रखमाबाई म्हणाल्या. "मजूरच होतो आमी. खोटं कनाला बोलू?"

"मग बसा! समोरचा वकील हाच कागद नाचवील."

रखमाबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. अंगठा तसाच अधांतरी. शेवटी शालननेच कागद ओढून घेतला.

"राहू द्या, आई."

रखमाबाईंनी अंगठा पदराला पुसला. शाई निघाली नाही.

उत्तम गेल्यावर इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला शालनचा नवरा, सुदेश, हळूच म्हणाला, "अगं, तूच लाव ना अंगठा. कोण बघतंय?"

"मी बघते. दिवसभर खिडकीवर लोकांच्या सह्याच तपासते."

तिने फाइल उघडली आणि तेरा पानं काढली. चिरा पडू नयेत म्हणून पायांना चोळलेलं करंजाचं तेल, वैशाखात उजाडायच्या आत ओढलेलं मीठ, बांधावर फडक्यात गुंडाळून निजवलेला सुदेश. सगळं कपाटात साड्यांखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी उभ्या उभ्याच फाइल चाळली.

"अहो, अठरानंतर एकदम बत्तीस? पानांचे आकडे नीट करून आणा. नाहीतर गुण कापावे लागतील."

"कापा, सर. आकडे बरोबर आहेत."

ती घरी पोचली तेव्हा रखमाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"दिलंस गं पुस्तक?"

"दिलं."

"माजी किती पानं?"

शालनने वाकून चपला काढल्या, भिंतीशी नीट लावल्या.

"तेरा."

रखमाबाईंनी मान हलवली. मग निळा अंगठा मुठीत मिटून घेतला आणि सरकून सुनेला बसायला जागा केली.