तळातल्या तिघी

टँजियरच्या त्या कारखान्यात जाकिटं शिवली जात. गिझलान मात्र शिवत नसे, मोजत असे. चेन लावणाऱ्या चाळीस बायकांच्या विभागात तासातासाला कुणाचे किती नग झाले ते सुपरवायझर कागदावर टिपून आणी आणि गिझलान ते एक्सेलमध्ये भरी. बसायला काचेची केबिन, डोक्यावर पंखा, पाठ असलेली खुर्ची. ही नोकरी तिला लावून दिली होती रहमाने. रहमा तिच्या आईची चुलत बहीण, म्हणजे तिची खाल्ती, मावशी. ती त्याच विभागात मशीनवर बसून म्हातारी व्हायला आली होती. दोघी बेनी मकादा वस्तीतल्या एका खोलीत राहत.

मॅनेजर मुंतसिर यांना सगळे 'सी', म्हणजे साहेब, म्हणत. त्यांना आकडे वाचायचा भारी कंटाळा. एक दिवस ते केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे काय मुंग्यांचं वारूळ मांडलंयस? कोण मागे पडतंय ते मला नुसतं बघून कळलं पाहिजे."

"रंग देते ना. दिवसाला दोनशेच्या खाली गेलं की ओळ लाल होईल."

"आणि उद्या सगळ्यांनीच दोनशे केले तर? मग मी काय बघत बसू? सगळ्यांत खालच्या तिघी लाल कर. रोज तिघी."

गिझलानला काम आवडलं. कंडिशनल फॉरमॅटिंगचा फॉर्म्युला तिने जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भाकर मोडता मोडता बसवला. अख्ख्या रकान्यातला खालून तिसरा आकडा शोधायचा, आणि जो आकडा त्याच्याइतका किंवा त्याहून कमी असेल त्याला रंग द्यायचा. आधी नुसता आकडाच लाल होत होता. मग तिने रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह टाकलं, तशी नावासकट सगळी ओळ लाल झाली. तिने दोन-तीन आकडे बदलून पाहिले. लाल रंग टुणकन या नावावरून त्या नावावर जाई. तिला हसूच आलं.

सी मुंतसिर यांनी ते शीट मोठ्या पडद्यावर, मशीनच्या समोरच्या भिंतीवर लावलं.

पहिले काही दिवस बायकांनी चेष्टाच केली. "आज मेंदी कुणाला लागली गं?" अशी एक ओरडे, आणि जिचं नाव लाल असे ती उठून नवरीसारखे हात दाखवी. मग नोटीस लागली. आठवड्यात तीन संध्याकाळी जी लाल राहील, तिने सोमवारपासून यायचं नाही.

त्यानंतर मेंदीचं नाव कुणी काढलं नाही. बायका पाणी पिईनाशा झाल्या, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. एकीच्या नखातून सुई आरपार गेली, तर तिने बोटाला चिंधी गुंडाळली आणि पुढचं जाकीट ओढलं. आकडे वाढले. दोनशेचे सव्वादोनशे झाले. तरी पडद्यावर तिघी लालच. गिझलानला केबिनमधून ते रोज दिसत होतं. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं काय आणि सगळ्या निवांत बसल्या काय, फॉर्म्युल्याला तिघी मिळणारच होत्या.

ती सी मुंतसिर यांच्याकडे गेली. "एक आकडा ठरवून देऊ या ना. तो गाठला की सुटल्या."

"सुटल्या की बसल्या," ते म्हणाले. "चाललंय ते छान चाललंय. तू हुशार पोरगी आहेस, बिघडवू नकोस."

त्या हंगामात जाकिटं काळी होती. काळ्या कापडावर काळा दोरा, आणि रहमाची नजर अधू झालेली. चष्मा लावला तर म्हातारी म्हणून नजरेत येऊ, या भीतीने ती तो लावत नसे. सोमवारी संध्याकाळी ती लाल होती. मंगळवारीही लाल.

घरी बिसाऱ्याच्या पिठल्यासारख्या सुपात भाकर बुडवत रहमा म्हणाली, "किती केले म्हणजे पांढरी राहीन ते सांग. तेवढे करते."

"तसा आकडाच नाही गं, खाल्ती. बाकीच्यांपेक्षा जास्त करायचे."

"म्हणजे मी वाचायचं तर दुसरी कुणी बुडायला हवी."

गिझलानने तिच्या वाडग्यात आणखी बिसारा वाढला.

बुधवारी सकाळी तिने शीटमध्ये एक नवा रकाना केला. सगळ्यांचे आकडे त्यात जसेच्या तसे, फक्त रहमाच्या आकड्यात पंधरा जास्त. फॉर्म्युला त्या रकान्याकडे वळवला आणि रकाना लपवून टाकला. पडद्यावर आकडे खरेच दिसत, रंग मात्र लपलेल्या आकड्यांवर ठरे.

शनिवारी संध्याकाळी यामना केबिनच्या काचेवर टकटक करत आली. रहमाच्या शेजारच्या मशीनवरची यामना. पोरांना एकटीने वाढवणारी, मोठ्या आवाजाची.

"बाहेर ये, पोरी. मला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. माझे एकशे अठ्ठ्याऐंशी, मी लाल. तिचे एकशे एक्याऐंशी, ती पांढरी. या मशीनला नाती कळतात का?"

सगळ्या मशीन थांबल्या होत्या. रहमा मान खाली घालून दोरा कापत होती. सी मुंतसिर दारापाशी घड्याळ बघत उभे होते.

"फॉर्म्युला एकाच दिवसाचं बघत नाही," गिझलान म्हणाली. "मागचंही धरतो."

"मागचं धरलं तर मी हिच्या पुढे आहे!"

"बाई, कॉम्प्युटर काय खोटं बोलणार आहे?" सी मुंतसिर म्हणाले. "तीन संध्याकाळी झाल्या तुझ्या. घरी जा."

यामनाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा गिझलानकडे. मग खुर्चीवरची गादी काखेत मारून ती निघून गेली.

कारखान्याच्या बसमध्ये रहमाशेजारी कुणी बसलं नाही. गिझलान बसली, तर रहमाने खिडकीकडे तोंड फिरवलं. घरी आल्यावर अंगातला पायघोळ जेलाबाही न काढता तिने विचारलं, "तू काय केलंस?"

गिझलानने सांगितलं.

"माझी सुई कोण ओवून देतं माहितीये तुला? दोरा तुटला की मी नुसती बाजूला सरकते आणि ती ओवते. स्वतःचं काम सोडून. म्हणून तर तिचे कमी पडले." रहमाचा आवाज चढला नाही. "काढ ते. उद्याच्या उद्या."

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारी."

सोमवारी गिझलानने रकाना काढला आणि सी मुंतसिर यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "फॉर्म्युल्यात चूक होती. यामना तळात नव्हती. तिला परत बोलवा."

"मग तिसरी कोण होती?"

गिझलानची नजर रहमाच्या मशीनकडे गेली आणि तिने ती झटकन वळवली.

"नाव तरी सांग!" त्यांनी थोडं थांबून पाहिलं. "तीन हव्या होत्या, तीन मिळाल्या. तिच्या मशीनवर नवी पोरगी बसलीसुद्धा. बघ, हात कसा चालतोय."

नवी पोरगी शेजारणीची सुई ओवायला थांबणारी नव्हती. बुधवारपर्यंत रहमाच्या तीन संध्याकाळी भरल्या. शनिवारची वाट न बघता तिने त्याच दिवशी आपला चहाचा पेला पिशवीत घातला.

ती वझ्झानला भावाकडे निघाली, तेव्हा गिझलान स्टँडवर सोडायला गेली. पूर्वेचा वारा सुटला होता, पिशव्या धरून ठेवाव्या लागत होत्या.

"खाल्ती, मी नोकरी सोडते."

"सोडून काय करशील? तुझी आई तुझ्याच पगारावर आहे." रहमा पायरी चढली. "यामनाकडे जाऊन आले मी. दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. तू जाऊ नकोस. सिलिंडर संपत आलाय, तो मात्र बघ."

गिझलानने नोकरी सोडली नाही. पुढच्या महिन्यात सी मुंतसिर यांनी बाह्या जोडणाऱ्यांच्या हॉलमध्येही पडदा लावला. तिने फॉर्म्युला तिकडे नेला, ओळींचे आकडे बदलले आणि शीट पडद्यावर दाखवलं. तीन नावं लाल झाली.

बायकांनी शिवता शिवता माना वर केल्या. अगदी पुढच्या मशीनवरची एक नवीन बाई हसून म्हणाली, "अगं, माझं नाव रंगीत आलं! हे चांगलं असतं ना?"

"नाही," गिझलान म्हणाली, आणि केबिनकडे वळली.