पातेल्यातली पिल्लं

"सगळ्या माद्या हायेत. नर एक न्हाय. नरच न्हाय तर पिल्लं कुठनं येतील?" रेवणप्पांनी माशांच्या काचेच्या टाकीवर थोपटलं आणि शेजारच्या बिभीषणकडं विजयानं बघितलं. "आख्ख्या कळंबात एवढी शिस्तीची टाकी दावून दे मला."

रेवणप्पा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले, पण गळ्यातला भोंगा काही निवृत्त झाला नाही. घरात कोण निघालं, कोण पोचलं, ते अजून मोठ्यानं जाहीर करायचे. त्यात लेक शिवरंजनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेशर जरा वर आहे, पोरीला शांत ठेवा.

तेव्हापासून घरातली शांतता संपली. उठता-बसता रेवणप्पा दारातून डोकावायचे. "रंजू, शांत हायेस का?" पोरगी दचकायची. शेवटी महानंदाबाई म्हणाल्या, "अहो, तिला शांत ठेवायचं तर आधी तुम्ही एका जागी बसा की."

ते बसले नाहीत. मोबाईलवर कुठंतरी वाचलं की मासे बघितल्यानं प्रेशर उतरतं, म्हणून बार्शी गाठली आणि गप्पी मासे घेऊन आले. आणि गंमत म्हणजे औषध लागू पडलं. शिवरंजनी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायला लागली, प्रेशर खाली आलं. रेवणप्पांना गावभर सांगायला विषय मिळाला.

बिभीषणपुढं फुशारकी मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत जिऱ्याएवढी पिल्लं पळत होती.

रेवणप्पांनी चष्मा पुसला. पिल्लं आणखी वाढली. "अगं, हिकडं ये," ते पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. महानंदाबाई आल्या, वाकून बघितलं. "शिस्तीची टाकी, न्हाय का?"

तेवढ्यात एक गब्दुल मादी डुलत वर आली आणि तिनं शेंगदाणा टाकावा तसं एक पिल्लू तोंडात टाकलं.

"रंजू उठायच्या आत काय तरी करा," महानंदाबाई म्हणाल्या. "पोटुशा पोरीला असलं दिसू ने."

रेवणप्पांनी टाकीवर टॉवेल टाकला आणि बार्शीच्या मासेवाल्याला फोन लावला.

"काका, दुकानात त्या नरासंगंच व्हत्या ना," तो म्हणाला. "एकदा संग झाला की मादी महिनोन्महिने पिल्लं देती. मग नर लागत न्हाय."

"आधी सांगायला काय झालं व्हतं?"

"तुम्ही बोलू दिलं कुठं? आन उपाशी ठिवू नका, खात्यात पिल्लं. बाजूला काढा, न्हायतर लपायला झाडी टाका."

झाडी म्हणून रेवणप्पांनी घरात होती ती कोथिंबिरीची जुडी देठांसकट टाकली. दुपारपर्यंत पाण्याचं सार झालं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. बाळंतिणीसाठी भरून ठेवलेल्या ड्रममधलं पाणी महानंदाबाईंनी दात आवळून काढून दिलं. मग चहाची गाळणी घेऊन रेवणप्पा टाकीत उतरायचेच बाकी राहिले. एक पिल्लू पकडावं तर दहा निसटायची. पातेलं भरलं, तांब्या भरला, लोणच्याची बरणी भरली. एका मादीचं आटोपलं की दुसरी सुरू. घरात चहा फडक्यानं गाळायला लागले आणि वरण ताटात शिजवायची वेळ आली.

तरी कारभार त्यांनी लावला. आधी माद्यांना पोटभर चारायचं, मग टॉवेल काढायचा, मग पोरीला हाक मारायची.

"आप्पा, टॉवेल कशाला टाकलाव?"

"इश्रांती. त्यास्नी बी लागती."

शिवरंजनी पदर तोंडाला लावून खोकली.

कळा आल्या तेव्हा रेवणप्पांच्या हातात गाळणीच होती. बिभीषणनं रिक्षा काढली. मागं मायलेकी बसल्या, रेवणप्पा पुढं बिभीषणला खेटून, मान पूर्ण मागं वळवून.

"रंजू, शांत हायेस का?"

"आप्पा," तिनं कळ ओसरू दिली. "मासे पिल्लं खातेत ते म्या पहिल्याच दिवशी बघितलंय."

"कवा?"

"तुम्ही गाळणी हुडकत व्हता तवा. आई म्हणली, बोलू नको. आप्पांना वाटू दे आपण सांभाळालोय म्हणून."

महानंदाबाई रिक्षाबाहेरचं बघू लागल्या. बिभीषणनं विनाकारण हॉर्न वाजवला.

"मग रोज टाकीम्होरं काय बघत बसायचीस?"

"तुम्हालाच की. त्या टॉवेलामागं तुमची नुस्ती पळापळ. लई हसू यायचं. त्यानं बरं वाटायचं."

रेवणप्पांनी मान पुढं वळवली.

पोरगी झाली, दोघी सुखरूप. रेवणप्पांनी ती बातमी दवाखान्याच्या व्हरांड्यात अशी जाहीर केली की दोन पेशंट पिशव्या उचलून उभे राहिले. सिस्टरनं त्यांना घरी पिटाळलं.

घर बिभीषणच्या आईनं, म्हाळसाबाईनं सांभाळलं होतं. स्वयंपाकघर लखलखत होतं. पातेलं, तांब्या, बरणी, सगळी भांडी घासून पालथी घातलेली.

"बाळंतीण यायची आन भांड्याभांड्यात शिळं पाणी, आप्पा. बघवना. म्या सगळं लख्ख केलं."

"वैनी, पाणी?"

"फेकती व्हय म्या? आपल्याकडं पाणी फेकायचे दिस हायेत का? तुळशीला घातलं."

रेवणप्पा अंगणात गेले. फोन वाजला.

"आप्पा, पिल्लं कशी हायेत? बाळीला दावायचीत घरी आल्यावर."

"मजेत हायेत," ते म्हणाले. "खेळायलीत. तू शांत ऱ्हा."

फोन ठेवायच्या घाईत त्यांचं बोट व्हिडिओवर पडलं आणि शिवरंजनीनं तो घेतला. तिला तुळस दिसली, ओलं आळं दिसलं, आणि आळ्यात जिऱ्याएवढं काहीतरी टिपणाऱ्या दोन चिमण्या दिसल्या.