पाहुण्यांना घरी ठेवून

ते साल २०१७. अक्षय्य तृतीया झाली आणि दुसऱ्याच दिवशी उर्मिला आणि चिंतामणी फ्रान्समधल्या एका खेड्यात नव्वद दिवस राहायला गेले. त्या गावाचं नाव पाटीवर हातभर लांब होतं आणि तिथली माणसं ते एका घोटात संपवत. उर्मिलेला ते शेवटपर्यंत जमलं नाही. ती आपली 'गाव'च म्हणायची.

त्यांची मुलगी अनुजा तूलूझला नोकरीला. तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी तीन महिने कॅनडाला निघाली होती, आणि तिच्या आजीचं खेड्यातलं घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पाच खोल्या, टोमॅटोचे चार वाफे, सात कोंबड्या. अनुजा म्हणाली, माझे आई-बाबा रिकामेच आहेत. गिरगावात बसून काय करतायत?

उर्मिलेने लगेच हो म्हटलं, त्याचं कारण मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती आणि लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. ठाकूरद्वारच्या तीन खोल्यांत ती आली तेव्हा घरात अकरा माणसं होती. ती कधी तेरा झाली, कधी नऊ, पण दोन कधीच झाली नाहीत. लग्नानंतर महाबळेश्वरला गेले, तर हवापालट म्हणून चुलतसासूबाई बरोबर आल्या. पुढे सासरे अंथरुणाला खिळले, मग सासूबाई, मग आत्या. सगळ्यांचं तिने मनापासून केलं. पण सकाळी समोरासमोर बसून, मध्ये कुणी साखर मागत नाहीये, कुणी पेपर ओढत नाहीये, असा नवऱ्याबरोबर एक कप चहा प्यायचा तिचा राहूनच गेला होता. हे वाक्य मोठ्याने म्हणायचीसुद्धा तिला लाज वाटे. म्हणून तिने गावच्या गुरुवारच्या बाजारात दोन निळे कप घेतले. अनुजा म्हणाली, घरात वीस कप आहेत की. उर्मिला म्हणाली, असू देत.

आता चिंतामणींविषयी. हा माणूस कस्टम्समध्ये तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेला, स्वभावाने लोण्यासारखा, आणि एका बाबतीत अगदी असाध्य. जिन्यात भेटलेल्या माणसाला 'या ना एकदा' म्हटल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे, आणि घरी आलेला माणूस उठू लागला की 'काय घाई आहे?' हे तोंडातून निघायचंच. गिरगावात त्याने काही बिघडत नाही. तिथे सगळेच म्हणतात 'या', आणि दादरहून गिरगावात यायला लोकांना चार वर्षं लागतात. पण निघायच्या आधी दादरच्या एका हॉलमध्ये भाच्याच्या मुलाची मुंज होती. तिथे मठ्ठा पिता पिता चिंतामणींनी पंगतीतल्या सगळ्यांना फ्रान्सला बोलावलं. पाच खोल्या आहेत म्हणाले. कोंबड्यांचं तर असं वर्णन केलं, जणू त्यांनीच त्या पाळल्या होत्या.

पहिले नऊ दिवस अनुजा बरोबर होती. दहाव्या दिवशी ती तूलूझला परत गेली. अकराव्या दिवशी सकाळी उर्मिलेने खिडकीच्या लाकडी झडपा उघडल्या, निळे कप काढले, चहाला आधण ठेवलं, आणि फोन वाजला. दादरचे धाकटे दीर देवदत्त बोलत होते. व्हिसा आला म्हणाले. रुपाली बॅग भरतेय.

चिंतामणी फोनवर म्हणाले, "अरे वा, या की." चहा उतू गेला.

देवदत्त आणि रुपाली आले ते दहा दिवसांसाठी. देवदत्त भावजींना सगळं शिस्तीत लागे. फ्रिजवर घरमालकिणीने एक कागद चिकटवला होता, की गरम पाण्याची टाकी लहान आहे, चार आंघोळींपुरतंच पाणी मिळेल. तो वाचून त्यांच्या डोळ्यांत चमक आली. पहाटे साडेचारच्या नळावर वाढलेला माणूस तो. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने आंघोळीचे नंबर लिहिले, परसातून कोंबड्यांच्या पाण्याची बादली आणली, घासूनपुसून न्हाणीघरात ठेवली, आणि शॉवर वापरणाऱ्याला दंड म्हणून अंगण झाडायला लावलं. दंड बहुतेक वेळा चिंतामणींनाच होई. रुपालीने टोमॅटोच्या वाफ्याशेजारी कोथिंबीर लावली आणि कोंबड्यांशी मराठीत बोलायला सुरुवात केली. उर्मिलेला हसू येई. घर भरल्यासारखं वाटे, ते काही वाईट नव्हतं. दहाच दिवसांचा तर प्रश्न होता.

नवव्या दिवशी जेवताना देवदत्त म्हणाले, चला, उद्या निघायला हवं. उर्मिलेने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. तो पाय दाबला जात असतानाच चिंतामणी म्हणाले, "काय घाई आहे?"

देवदत्तांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने मोबाईलकडे, आणि तिकीट जुलैअखेरपर्यंत पुढे गेलं.

त्या दिवसापासून उर्मिलेने नवऱ्याशी अबोला न धरता बोलणं धरलं, तेही परसात, कोंबड्यांना दाणे घालताना. तिने त्यांना बजावलं की यापुढे कुणी आलं आणि जायची भाषा केली, तर तोंडात घास कोंबायचा, पाणी प्यायचं, खोकायचं, पण ते वाक्य म्हणायचं नाही. चिंतामणींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्यांना एवढंच कळेना, की हिला एकाएकी माणसं नकोशी का झाली. आणि तिला ते सांगता येईना.

जूनमध्ये आनंदा आणि शांता आले. आनंदा चिंतामणींच्या हाताखाली कस्टम्समध्ये शिपाई होते. लालबागची माणसं, मूळची मालवणकडची. त्यांचा मुलगा राजेश जर्मनीत होता. आई-वडील त्याच्याकडे आले होते, आणि मुंजीतलं निमंत्रण आनंदांनी जपून ठेवलं होतं. राजेशने त्यांना गाडीने आणून सोडलं. शांताच्या पिशवीत मुलासाठी आणलेल्यातले उरलेले सुके बोंबील होते. ते तिने पहिल्याच सकाळी भाजले. वास कुंपणापलीकडे गेला आणि शेजारची ज्यानेतबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पूर्वी पोस्टात टपाल वाटणारी, नाकाला रुमाल लावून चौकशीला आली. काय जळलंय ते तिला बघायचं होतं. शांताने तिला खुर्ची दिली, बोंबलाचा तुकडा पावावर ठेवून हातात दिला आणि म्हणाली, "खा गो बाय, सुकलंस किती." ज्यानेतबाईने रुमाल खिशात ठेवला आणि दुसरा तुकडा मागितला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची खुर्ची घेऊन येऊ लागली.

आनंदा मोठे मानी. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर ते ताट उचलून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, चार दिवस म्हणालो होतो. राजेशला फोन करतो. उद्या निघतो."

चिंतामणींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. ते प्यायले. पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. शपथ पाळताना त्यांचे कान लाल झाले.  आनंदा ताट धरून तसेच उभे, आणि चेहऱ्यावर हळूहळू असं येत चाललं, की आपण इथे यायलाच नको होतं. हे उर्मिलेला बघवेना.

"बसा हो आनंदभाऊ," ती म्हणाली. "एवढ्या लांब आलात. काय घाई आहे?"

चिंतामणींना ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना. रुपाली पाठ थोपटत होती. आपण काय बोलून बसलो ते उर्मिलेच्या लक्षात आलं आणि तीही हसत सुटली. इतकी, की तिला मोरीपाशी जाऊन डोळ्यांवर पाणी मारावं लागलं.

पण त्या दुपारी निळे कप पुसताना तिने हिशेब करून पाहिला. सहा माणसं, ज्यानेतबाई धरून सात. नव्वदातले साठ दिवस संपले होते. आणि पाहुण्यांना जा म्हणणं तर तिलाही येत नव्हतं, हे आज सिद्धच झालं होतं. मग जायचं कुणी?

हे सुचलं आणि ती खुर्चीत बसूनच राहिली.

मंगळवारी आणि शुक्रवारी, असे आठवड्यातून दोनदाच त्या गावाला बसचे दिवस. सोमवारी संध्याकाळी चहाच्या वेळी तिने सगळ्यांना जाहीर केलं, की उद्याच्या बसने ती आणि हे नदीकाठच्या गावी तीन दिवस जाणार, शुक्रवारी परत. ज्यानेतबाईच्या भाचीची तिथे खाणावळ आहे, वर खोल्या आहेत. देवदत्त म्हणाले, मग आम्ही पण आवरतो. उर्मिला म्हणाली, छे, तुम्ही राहा, कोंबड्यांना कोण बघणार?  घरचे यजमान पाहुण्यांना घरी ठेवून पळून जातात, असं लालबाग-गिरगावात कुणी ऐकलेलं नव्हतं. मंगळवारी निघताना शांताने बशीत दही-साखर आणून दोघांच्या हातावर घातली आणि अंगणातून हात हलवत म्हणाली, सावकाश या. एका पिशवीत तिने निळे कप वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते. उर्मिलेने तिला त्याविषयी कधी चकार शब्द सांगितला नव्हता.

खाणावळीच्या गच्चीवर बुधवारी सकाळी एक टेबल, दोन खुर्च्या, खाली नदी. भाचीने गरम पाणी आणून दिलं, उर्मिलेने बरोबर आणलेली चहाची पुडी उघडली. दोन निळे कप. चव्वेचाळीस वर्षांचं बोलायचं साठलेलं, आणि तिला एक अक्षर सुचेना. चिंतामणीही नदीकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "रुपालीने कोंबड्या कोंडल्या असतील का गं?"

तीही नेमका तोच विचार करत होती. दोघं एकदम हसले. मग हसण्याच्या भरातच त्यांनी विचारलं, "तुला माणसं आवडतात असं मला वाटायचं. आता झालं काय?"

"आवडतात हो," उर्मिला म्हणाली. "पण त्यांच्यात तुम्ही सापडत नाही."

चिंतामणींनी कप खाली ठेवला.  मग म्हणाले, मी शिकतो. कुणी निघालं की गप्प बसायला शिकतो, तू मला सराव दे. तीही पेटली. म्हणाली, बरं, समजा मी पाहुणी. ती उठली, पदर सारखा केला, पर्स खांद्याला लावली, आणि अगदी भिडस्त पाहुणीच्या सुरात म्हणाली, "चला, निघते हं आता."

चिंतामणींनी ओठ घट्ट मिटले. कपाळावर आठ्या आल्या. कान लाल झाले. त्यांनी पेला शोधला, तो टेबलावर नव्हता. ती दोन पावलं जिन्याकडे गेली. तिसरं टाकणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं, बस ना. काय घाई आहे?"

हे वाक्य तिने चव्वेचाळीस वर्षांत हजारो माणसांना उद्देशून म्हटलेलं ऐकलं होतं. आतेभावांना, साहेबांना, विमा एजंटांना, एकदा तर जनगणनेला आलेल्या बाईलासुद्धा. तिला स्वतःला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं, ती कधी कुठे निघालीच नव्हती.

ती परत येऊन बसली. शुक्रवारची बस आली आणि गेली. तिचा भोंगा त्यांनी गच्चीवर बसूनच ऐकला. अनुजाला फोन केला, की आम्ही पुढच्या मंगळवारी येऊ. अनुजा घाबरून विचारायला लागली, बरं नाहीये का कुणाला? उर्मिला म्हणाली, नाही गं, यांनी आग्रह केला.

मंगळवारी परतले तर फाटकाशी देवदत्त उभे. अंगणात लांब टेबल मांडलेलं, त्यावर केळीच्या पानांऐवजी द्राक्षाची पानं. ज्यानेतबाई, पाववाला, त्याची बायको, चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा, सगळे भानोलं खात होते. कोबी-कोलंबीचं, रुपालीने तिथल्या भट्टीत भाजलेलं. आनंदा वाढत होते आणि एकेका फ्रेंच माणसाच्या पानापुढे उभं राहून, अजून एक, अजून एक, करत होते. पाववाल्याने दोन्ही हात पोटावर आडवे धरले होते, तरी त्यातून त्याला वाढलं गेलं.

"या, या," देवदत्त आपल्या सख्ख्या भावाला आणि वहिनीला म्हणाले. "प्रवास कसा झाला? आंघोळीला पाचवा आणि सहावा नंबर आहे तुमचा. किती दिवस आहात?"

चिंतामणी म्हणाले, बघू, यजमान ठेवतील तेवढे.

जुलैअखेरीस सगळे परत आले. देवदत्त आणि रुपाली आता दादर सोडून बदलापूरला राहतात, दारामागे नंबर अजून आहेत, फक्त माणसं दोनच. आनंदा २०२१ मध्ये गेले. शांता राजेशकडे जर्मनीत असते आणि त्याच्या बाल्कनीत बोंबील भाजते. शेजारी तक्रार करत नाहीत, खुर्च्या आणतात. अनुजाने तूलूझला स्वतःचं घर घेतलं, एका बेडरूमचं, मुद्दाम. कोंबड्यांपैकी पाच पुढच्या वर्षीपर्यंत होत्या, असं कळलं. ज्यानेतबाई २०१९ च्या जानेवारीत गिरगावात आली ती आठ दिवसांसाठी, आणि चिंतामणींमुळे सव्वीस दिवस राहिली. गेल्या वर्षी ती वारली. तिच्या भाचीने पत्र पाठवलं, की घरात मुंबईचा खलबत्ता सापडला, त्याचं काय करायचं?

एक निळा कप विमानातच फुटला. उरलेल्या कपातून चिंतामणी चहा पितात, उर्मिला पेल्यातून. चिंतामणींना आता नीट ऐकू येत नाही. तरी रोज सकाळी पेला रिकामा झाला की ती उठते, पदर सारखा करते आणि म्हणते, चला, निघते हं. ते पेपरातून मान वर न करता उत्तर देतात, आणि उर्मिला परत बसते.